मातीची वही ठेवा, मगच सेंद्रियचा निकाल लावा

पारावर बसा, कृषी सेवा केंद्राच्या ओट्यावर बसा, नाहीतर एस.टी.च्या थांब्यावर उभे राहा, सेंद्रिय शेतीचा विषय निघाला की दोन तट पडलेच म्हणून समजा. एक म्हणतो, ‘रासायनिक सोडलं आणि जमीन लोण्यासारखी झाली.’ दुसरा म्हणतो, ‘लोणी राहू दे, एकरी उतारा किती आला ते बोल.’ मग आवाज चढतात, चहा येतो आणि विषय तिथेच राहतो. गंमत अशी की दोघेही खोटे बोलत नसतात. पहिला आपल्या आठव्या-दहाव्या वर्षाबद्दल बोलत असतो, दुसरा दुसऱ्या वर्षाबद्दल. आणि दोघांच्याही हातात लिहिलेला चिटोरा नसतो.

जरा विचार करा. सोसायटीकडे तुमच्या कर्जाची नोंद आहे. डेअरीत रोजच्या फॅटची नोंद आहे. सातबाऱ्यावर पीक-पाहणी आहे. ज्या जमिनीवर हे सारे उभे आहे, तिचा कस दहा वर्षांपूर्वी किती होता आणि आज किती आहे, हे मात्र कुठल्याच कागदावर नाही. आजोबा सांगायचे, बाप सांगतो, एवढाच पुरावा!

हा प्रश्न आज काढण्याचे कारण आहे. २०१५ मध्ये परंपरागत कृषी विकास योजना आली. विदर्भात डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाचे मिशन आले. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने राष्ट्रीय नैसर्गिक शेती अभियानाला मंजुरी दिली. परंपरागत योजनेतल्यासारखे गट गावोगाव होतात, तीन वर्षे प्रशिक्षण, निविष्ठा, प्रमाणपत्र असे चालते, आणि चौथ्या वर्षी अनुदानाचा हात सुटतो. नेमका त्याच वेळी शेतकरी हिशेब करायला बसतो. घटलेला उतारा त्याला दिसतो, कारण कापूस वजनकाट्यावर चढतो. मातीत काय झाले ते दिसत नाही, कारण ते कुणी मोजलेलेच नसते. मग तो गोणीकडे परततो. कदाचित त्याचे बरोबरही असेल. पण निर्णय अंधारात घेतला हे खरे.

गोणीतले नत्र, उकिरड्यातले नत्र

आधी एक साधे गणित करू. युरियाची गोणी ४५ किलोची. त्यात ४६ टक्के नत्र, म्हणजे सुमारे २१ किलो. बऱ्यापैकी कुजलेल्या शेणखतात नत्र असते अर्धा टक्का, म्हणजे टनाला ५ किलो. एका गोणीची बरोबरी करायला चार टन शेणखत लागले! आणि तेही सगळे पहिल्या हंगामात पिकाच्या तोंडी पडत नाही. फार तर पाव ते तिसरा हिस्सा पडतो. बाकीचे जिवाणू हळूहळू सोडतात.

आता जो गडी अक्षय्य तृतीयेला शपथ घेतो की औंदा युरिया बंद, आणि एकरी दोन गाड्या खत टाकून मोकळा होतो, त्याची कपाशी पात्या-फुलांवर असताना पिवळी पडली तर नवल काय? तो मातीचा दोष नाही आणि सेंद्रियचाही नाही, हिशेब चुकला. पऱ्हाट्या-तुराट्यांचा बारीक भुगा करून जमिनीत गाडणाऱ्याचेही असेच होते. काडीत कर्ब भरपूर आणि नत्र थोडे, म्हणून ती कुजवणारे जिवाणू सुरुवातीला जमिनीतलेच नत्र उचलतात. काडी कुजली की ते परत मिळते, पण तोवर पीक ताटकळते.

जीवामृताबद्दलही हेच सांगावे लागेल. काही मंडळींना ते आवडणार नाही, पण आकड्यांशी भांडता येत नाही. दहा किलो शेण, दहा लिटर गोमूत्र, दोन किलो बेसन, दोन किलो गूळ आणि मूठभर माती, हे दोनशे लिटर पाण्यात कालवून एकराला दिले, तर त्यात ढोबळ मानाने नत्र भरते पाव किलोच्या आसपास. त्याकडे विरजण म्हणून पाहा. विरजण चांगले असावेच, पण भांड्यात दूध नसेल तर दही कशाचे लागणार? हे दूध म्हणजे शेणखत, कंपोस्ट, ताग-धैंचा, बांधावरच्या गिरिपुष्पाचा पाला, पिकाचा काडीकचरा.

याच गणिताची दुसरी बाजूही आहे. पहिल्या वर्षी जे दोन हिस्से पिकाला मिळाले नाहीत, त्यातले बरेचसे जमिनीच्या खात्यात जमा होतात. दुसऱ्या वर्षी त्यात भर पडते, तिसऱ्या वर्षी आणखी. दरसाल खत पडत राहिले तर पाचव्या-सहाव्या वर्षी त्या वर्षीच्या खतातले नत्र मिळते, शिवाय मागच्या शिलकीतलेही थोडे थोडे सुटू लागते. म्हणून दुसऱ्या वर्षाचा शेतकरी आणि आठव्या वर्षाचा शेतकरी दोघेही आपापल्या जागी खरे.

सातपुड्यापलीकडचा पुरावा

‘हे सगळं कागदावरचं झालं, शेतात कुणी पाहिलं?’ असे तुम्ही विचाराल, आणि विचारलेच पाहिजे. तर सातपुडा ओलांडून पलीकडे जा. मध्य प्रदेशच्या खरगोन जिल्ह्यात नर्मदेच्या अलीकडच्या काठाला कसरावद आहे. जमीन आपल्यासारखीच काळी, उन्हाळ्यात भेगाळणारी. पिकेही आपलीच, कपाशी, सोयाबीन, गहू. तिथे २००७ मध्ये स्वित्झर्लंडची ‘फिबल’ ही सेंद्रिय शेतीची संशोधन संस्था आणि स्थानिक ‘बायोरे’ संस्था यांनी मिळून एक लांब पल्ल्याचा प्रयोग मांडला. याच मालिकेतले प्रयोग केनिया आणि बोलिव्हियातही सुरू झाले.

मांडणी सोपी आहे. एकाच शेतात शेजारी शेजारी चार पद्धतींचे वाफे. एक बायोडायनॅमिक, दुसरी सेंद्रिय, तिसरी रासायनिक, चौथी रासायनिक अधिक बीटी कपाशी. जमीन एक, पाऊस एक, राबणारी माणसे एक. पहिल्या वर्षी कपाशी, दुसऱ्या वर्षी खरिपात सोयाबीन आणि त्यावर रब्बीचा गहू, की एक फेरा पूर्ण. पहिल्या चार वर्षांचे, म्हणजे दोन फेऱ्यांचे आकडे २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. ते नीट वाचा.

पहिल्या फेऱ्यात, म्हणजे २००७-०८ मध्ये, सेंद्रिय वाफ्यांत कपाशी रासायनिकपेक्षा २९ टक्क्यांनी कमी आली आणि गहू २७ टक्क्यांनी. खर्च वजा जाता हाती राहणारा पैसा रासायनिक वाफ्यांत २९ टक्क्यांनी जास्त. इथे थांबलो असतो तर प्रकरण संपले होते. आपल्या गावातले बहुतेक जण इथेच थांबतात.

दुसऱ्या फेऱ्यात, २००९-१० मध्ये, कपाशी आणि गहू दोन्हीकडे जवळपास सारखे आले. खर्च कमी असल्यामुळे सेंद्रिय वाफ्यांची शिल्लक २५ टक्क्यांनी वर गेली. वाचून टाळ्या वाजवायला उठू नका! उतारा बरोबरीत आला तो मुख्यत्वे रासायनिक वाफ्यांचे उत्पादन खाली आल्यामुळे. सेंद्रियने झेप घेतली असे त्याचे वर्णन करता येणार नाही. संशोधकांनी हे स्वतःच लिहून ठेवले आहे, आणि नोंद ठेवण्याचा फायदा तो हाच. आपल्या सोयीचे तेवढे सांगायची मुभा राहत नाही.

सोयाबीनची गोष्ट वेगळी. ते पहिल्या फेऱ्यात सेंद्रियमध्ये अवघे १ टक्का कमी आले, दुसऱ्यात ११ टक्के कमी. तरी चारही वर्षांचा ताळा घेतला तर सोयाबीनची निव्वळ शिल्लक सेंद्रियमध्येच ११ टक्क्यांनी जास्त निघाली. कारण उघड आहे. सोयाबीन हे द्विदल पीक, आपल्या मुळांवरच्या गाठींत स्वतःचे नत्र स्वतः तयार करणारे. ज्याला नत्र उधार घ्यावे लागत नाही, त्याला युरिया बंद झाल्याचे दुःख कमी. सेंद्रियकडे वळायचे असेल तर सुरुवात द्विदल पिकाच्या शेतापासून करावी, असे माझे स्पष्ट मत या आकड्यांवरून झाले आहे.

आणि हा भाग सेंद्रियला नवखा नाही बरं का. ‘इंदूर पद्धतीचे कंपोस्ट’ हे शब्द तुम्ही कृषी विद्यालयात नाहीतर रेडिओवर ऐकलेच असतील. ते इंदूर म्हणजे हेच, कसरावदहून फार लांब नाही. १९२४ ते १९३१ या काळात तिथल्या संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड या इंग्रज शास्त्रज्ञाने कापसाच्या पऱ्हाट्या, गवत, शेण, गोठ्यातली मूत्र मुरलेली माती यांचे थर लावून खत करण्याची रीत बसवली. १९३१ च्या त्यांच्या पुस्तकावर सहलेखक म्हणून यशवंत वाड यांचे नाव आहे. पऱ्हाट्या बांधावर पेटवून देणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावे.

वीस वर्षे खत, शंभर वर्षे आठवण

चार वर्षांत उतारा आणि पैसा कळतो. मातीचे मात्र खरे कळायला याहून लांब वही लागते. एवढी लांब वही इंग्लंडात रोथमस्टेड येथे आहे, म्हणून तिकडे एक चक्कर मारू. १८४३ मध्ये जॉन बेनेट लॉज याने तिथे गव्हाचा प्रयोग सुरू केला. हा लॉज कोण? सुपर फॉस्फेटचा कारखानदार! खत विकणाऱ्यानेच शेणखताचीही वही उघडली आणि ती आजतागायत बंद पडलेली नाही. एका पट्ट्याला दरसाल हेक्टरी ३५ टन शेणखत, म्हणजे एकरी १४ टन. काही पट्ट्यांना रासायनिक खत. एकाला काहीच नाही.

शेणखताच्या पट्ट्यात आज सेंद्रिय कर्ब काहीच न दिलेल्या पट्ट्याच्या दुपटीहून जास्त आहे. मात्र संतुलित रासायनिक खताच्या पट्ट्यानेही दीर्घकाळ शेणखताच्या तोडीचा गहू दिला, हेही त्याच वहीत आहे. ‘रासायनिकने जमीन लगेच नापीक होते’ असे भाषणात ठोकून देणाऱ्यांनी हा आकडा पाहावा, आणि ‘शेणखताने काय होतंय’ म्हणणाऱ्यांनी त्याच्या आधीचा.

त्याच ठिकाणी बार्लीचे एक शेत आहे. तिथल्या एका वाफ्याला १८५२ पासून १८७१ पर्यंत, वीस वर्षे, वर्षाला तेवढेच शेणखत घातले आणि मग बंद केले. त्यानंतर पुन्हा एक पाटीही नाही. तरी शंभर वर्षे उलटून गेल्यावरही त्या वाफ्यातला कर्ब शेजारच्या कधीच खत न दिलेल्या वाफ्यापेक्षा जास्त भरतो. आपल्याकडे असे होईल का? इतके नाही. तिकडे थंडी, इकडे मे महिन्याचे ऊन. उष्ण जमिनीत कुजण्याचा वेग जास्त, त्यामुळे आपला कर्ब लवकर जळतो. तिकडचा आकडा इकडे चिकटवू नये. पण खताची जमा मातीत वर्षानुवर्षे राहते ही गोष्ट पक्की.

स्वित्झर्लंडमध्ये बाझल शहराजवळ १९७८ पासून सेंद्रिय आणि रासायनिक पद्धती शेजारी शेजारी चालू आहेत. २१ वर्षांचा हिशेब २००२ मध्ये बाहेर आला. उत्पादन सरासरी २० टक्क्यांनी कमी, पण खते आणि ऊर्जा ३४ ते ५३ टक्क्यांनी कमी लागली, कीटकनाशके-बुरशीनाशके तर ९७ टक्क्यांनी. मातीत गांडुळे १.३ ते ३.२ पट आणि मातीचे कण एकमेकांना धरून राहण्याची ताकद १० ते ६० टक्क्यांनी जास्त. याच प्रयोगात ज्या वाफ्यांना वर्षानुवर्षे कुठलेच खत दिले नाही तिथला कर्ब घटत गेला. म्हणजे रासायनिक बंद केले एवढ्यानेच जमीन सुधारत नाही, तिला खायला घालावे लागते. हे वाक्य आपल्या प्रशिक्षण वर्गांत फार कमी ऐकू येते.

आपल्या देशातही अशा वह्या आहेत. १९७० पासून दीर्घकालीन खत प्रयोगांची अखिल भारतीय मालिका चालू झाली, त्यात अकोल्याच्या कृषी विद्यापीठात १९८८ पासून ज्वारी-गव्हाचा प्रयोग आहे. तो सेंद्रियचा नव्हे, पण त्या मालिकेचा निष्कर्ष तुमच्या कामाचा आहे. नुसते नत्र देत राहिलेल्या जमिनीचे उत्पादन वर्षागणिक उतरत जाते. नत्र, स्फुरद, पालाश यांच्या जोडीला शेणखत मिळालेली जमीन सर्वांत भक्कम टिकते. नुसत्या युरियावर शेती करणाऱ्याची गत काय होते, हे सांगायला परदेशी जायची गरज नाही.

०.१ टक्क्याला किती वर्षे?

आता माती परीक्षणाची चिठ्ठी काढा. सेंद्रिय कर्ब समोर ०.४२ लिहिले असेल. ०.५० च्या खाली म्हणजे कमी. तुम्हाला वाटते, तीन वर्षे सेंद्रिय केले की ०.७५ होईल. तर हिशेब ऐका.

एक हेक्टर जमिनीचा वरचा अर्धा फूट थर भरतो सुमारे वीस लाख किलो. त्याचा ०.१ टक्का म्हणजे दोन हजार किलो कर्ब, एकरी आठशे किलो. एक टन शेणखतात पाण्याचा भाग वजा जाता कर्ब असतो शंभर-सव्वाशे किलो. त्यातला बहुतेक भाग जिवाणू खातात आणि हवेत सोडतात. आपल्या उष्णतेत दहावा हिस्सा मागे राहिला तरी पुष्कळ. एकरी पाच टन खत दरसाल घातले तर शिल्लक पडेल वर्षाला पन्नास-साठ किलो. आठशे किलोला किती वर्षे झाली? तेरा ते सोळा! आणि जुना कर्ब जळणे चालूच, ते यात धरलेले नाही. काडीकचरा, मुळ्या, हिरवळीचे खत यांची भर पडली तर काळ थोडा कमी होईल. हा ढोबळ हिशेब आहे, तुमच्या शेतात आकडा पुढेमागे होईल. पण तीन वर्षांत दुप्पट कर्ब झाल्याचा दाखला कुणी दाखवला, तर त्याने मातीचा नमुना कुठून घेतला ते आधी विचारा.

कारण ०.४२ चे ०.४७ झाले याला काडीचा अर्थ नाही. एकाच शेतातले दोन नमुने, दोन प्रयोगशाळा किंवा दोन वेगळे महिने, एवढ्यानेही तितका फरक पडतो. मृद आरोग्य पत्रिकेवरही विसंबू नका. २०१५ पासूनच्या पहिल्या फेऱ्यांत कोरडवाहू भागात दहा हेक्टरांना एक आणि बागायतात अडीच हेक्टरांना एक नमुना घ्यायचा असे ठरले होते. तुमच्या नावाच्या पत्रिकेतली माती शेजाऱ्याची असू शकते.

तुमच्या शेतातला प्रयोग

मग करायचे काय? कसरावदला जे केले त्याचेच घरगुती रूप करायचे. पहिली गरज तुलनेची. सगळे शेत सेंद्रिय केले तर बदल पद्धतीने झाला की पावसाने, हे कधीच कळणार नाही. गटात प्रमाणपत्र घेतले असेल तर त्याच शेतात रासायनिक पट्टा ठेवता येत नाही. तेव्हा धुऱ्यापलीकडचा शेजारी गाठा. याहून चांगले म्हणजे वाटणीत दुभागलेले शेत. बापाच्या काळात एक असलेले, एकाच रंगाचे, एकाच उताराचे. धाकटा सेंद्रिय करतो, थोरला नाही. भाऊबंदकी बाजूला ठेवून दोघांनी एक वही केली तर कृषी विद्यापीठालाही हेवा वाटेल असा प्रयोग तुमच्या घरात तयार आहे!

नमुना दर वेळी एप्रिल-मेमध्येच घ्या, पीक निघाल्यावर आणि खत पसरण्याआधी. नागमोडी चालत पंधरा-वीस ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा करून वीतभर खोलीपर्यंतची माती एकसारखी खरवडा. बांध, झाडाखालची जागा, विहिरीचा काठ, खताचा ढीग टाकला होता ती जागा, हे सगळे सोडा. माती एकत्र करून, चार भाग पाडून समोरासमोरचे दोन ठेवत ठेवत अर्ध्या किलोवर आणा. खोली मात्र एका वर्षी चार बोटे आणि दुसऱ्या वर्षी वीतभर असे चालणार नाही. वरच्या थरात कर्ब जास्त असतो, त्यामुळे आकडा फसवतो.

आता मुद्द्याची गोष्ट. तो अर्धा किलो सगळाच प्रयोगशाळेला देऊ नका. तेवढीच माती आणखी घ्या, सावलीत वाळवा, चाळा आणि काचेच्या बरणीत भरून झाकण घट्ट लावून ठेवा. रोथमस्टेडला अशा सुमारे तीन लाख नमुन्यांचा साठा आहे, काही एकोणिसाव्या शतकातले. उपयोग असा, की सात-आठ वर्षांनी नवी माती पाठवाल तेव्हा बरणीतली जुनी मातीही त्याच दिवशी, त्याच प्रयोगशाळेत पाठवायची. यंत्र तेच, माणूस तोच, रसायन तेच. मग जो फरक येईल त्यावर विश्वास ठेवता येईल. चिठ्ठीत कर्बाबरोबर सामू, क्षारता, स्फुरद, पालाश आणि जस्तही मागा. धान्य, कापूस विकताना जमिनीतला स्फुरद-पालाशही गाडीत बसून बाजारात जातो. खताने तो परत आला नाही तर सेंद्रिय जमीनही आतून रिकामी होते.

कर्बाचा आकडा हलायला दहा-पंधरा वर्षे, पण मातीच्या अंगातले बदल त्याआधी दिसू शकतात, आणि ते पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. बोराएवढे वाळलेले ढेकूळ अलगद पाण्याच्या ग्लासात सोडा आणि पाच मिनिटे थांबा. लगेच विरघळून तळाशी चिखल झाला तर पहिल्याच जोराच्या पावसात शेताचा वरचा थर असाच बसणार. ढेकूळ आकार धरून राहिले तर कणांना धरणारा चिकटा मातीत आहे. तुलनेला बांधावरच्या निंबाखालची, कधी नांगर न लागलेली माती घ्या. तुमच्या जमिनीची ताकद कुठवर जाऊ शकते ते तिच्यात दिसेल. पाणी बराच वेळ दुधाळ राहिले तर चोपणाची शंका धरा आणि माती तपासून घ्या.

दुसरी तपासणी पाणी मुरण्याची. सहा इंच व्यासाचा पत्र्याचा डबा दोन्ही बाजूंनी कापून तीन इंच जमिनीत ठोका. त्यात साडेचारशे मिली पाणी ओता, म्हणजे एक इंच पाऊस झाला. ते मुरल्यावर पुन्हा तेवढेच ओता आणि या दुसऱ्या इंचाला किती मिनिटे लागली ते लिहा. काळ्या जमिनीत ही तपासणी उन्हाळ्यात करू नका. भेगांतून पाणी गायब होईल आणि तुम्ही उगाच खूश व्हाल. भेगा मिटल्यावर, ऑगस्टमध्ये, दोन्ही भावांच्या शेतात एकाच दिवशी करा. त्याच सकाळी एक फूट लांब, रुंद आणि खोल माती गोणपाटावर काढून गांडुळे मोजा. पोराबाळांना या कामाला लावा, ते आपल्यापेक्षा बारीक मोजतात.

वहीत बाकी काय लिहायचे? किती गाड्या खत कुठून आणले, विकत की घरचे. पाऊस. मजुरी. उतारा आणि मिळालेला भाव. वखराला, नांगराला किती बैलतास किंवा किती डिझेल लागले. भुसभुशीत झालेली जमीन तिथे बोलते. खताच्या गाड्या कुठून आल्या हा रकाना तर विसरूच नका. ट्रॅक्टर आला, गोठे रिकामे झाले आणि उकिरड्याची उंची उतरली, हे आपल्याच गावांत पाहतो आहोत. शेजारच्या पाच शेतांचे खत एका शेतात ओतून कर्ब वाढवला, तर एक शेत सुधारले आणि पाच उपाशी राहिली, हे वहीतूनच कळेल.

ग्रामपंचायतीच्या कपाटातली बरणी

गावच्या कारभाऱ्यांसाठीही थोडे. गटाच्या फायली असतात त्यांत हजेरी, पावत्या, फोटो सगळे असते. माती नसते. पीजीएस पद्धतीत गटातले शेतकरी एकमेकांच्या शेताची पाहणी करून तक्ता भरतात. त्या तक्त्याला मातीचे एक पान जोडायला कुठल्याही शासन निर्णयाची वाट पाहावी लागत नाही. ढेकळाची परीक्षा, मुरायचा वेळ, गांडुळे, एवढे तीन रकाने पुरेत.

अडचण आहे ती माणसे बदलण्याची. ज्यांना गाव अजून ग्रामसेवक म्हणूनच हाक मारते ते ग्रामपंचायत अधिकारी बदलून जातात, कृषी खात्याचे कर्मचारी बदलतात, गटाचा अध्यक्ष राजकारणात जातो. त्यांच्याबरोबर फाईल जाते, नाहीतर वाळवीच्या तोंडी पडते. म्हणून वही एकाची नको. एक प्रत शेतकऱ्याकडे, एक ग्रामपंचायतीत, एक गावच्या शाळेत. बरण्यांसाठी ग्रामपंचायतीच्या कपाटाचा एक कप्पा रिकामा करा. वीस शेते निवडा, दहा सेंद्रिय आणि त्यांच्या धुऱ्याला लागून दहा दुसरी. वीस बरण्या आणि एक रजिस्टर, एवढाच खर्च. ग्रामसभेत एकदा ठराव करून रजिस्टर दप्तरात नोंदवले, की पुढच्या माणसाला ते चार्जमध्ये घ्यावेच लागते.

योजनेची तीन वर्षे संपतील तेव्हा वरून अहवाल मागतील, ‘जमिनीचा पोत सुधारला का?’ आज त्या रकान्यात ‘होय’ लिहून मोकळे होतात. वीस शेतांची वही असेल तर तिथे लिहिता येईल की पाणी मुरायला अमुक मिनिटे कमी लागतात, गांडुळे इतकी, कर्बात अजून फरक नाही, उतारा इतका कमी, खर्च इतका कमी. असा अहवाल वाचून वरच्या साहेबाला प्रश्न पडेल की तीन वर्षांनी हात काढून घ्यावा की नाही. ‘होय’ वाचून पडणार नाही.

बरणीवरची चिठ्ठी कशी लिहायची तेवढे सांगतो. गट नंबर, तारीख, खोली इंचात, आणि नमुना कुठून घेतला त्याची खूण, विहिरीपासून किंवा निंबापासून पावले मोजून. शेतात मागचे पीक कोणते होते ते. चिठ्ठी शिसपेन्सिलीने लिहा, शाई उडते. एक बरणीच्या बाहेर चिकटवा आणि तशीच दुसरी आत मातीत टाका, कारण बाहेरची पाच-सात वर्षांत झुरळे खातात.